यंत्राचे येणे आणि यंत्र येणे : शिवणयंत्राच्या परिचयाचा मराठी-तमिळ इतिहास

१. प्रस्तावना

मराठीत 'येणे' हे क्रियापद दोन वेगळ्या घटनांसाठी वापरले जाते. घरात नवे शिवणयंत्र येते ही एक घटना. घरातील एखाद्या व्यक्तीला ते यंत्र येते, म्हणजे चालवता येते, ही दुसरी घटना. पहिल्या वाक्यात यंत्र कर्ता आहे आणि घर हे त्याचे मुक्कामाचे ठिकाण. दुसऱ्या वाक्यातही व्याकरणाच्या दृष्टीने यंत्रच कर्ता राहते, पण ते आता माणसापाशी येते. शिकणारी व्यक्ती चतुर्थीत, म्हणजे 'तिला' या रूपात उभी असते. तमिळमध्येही कौशल्याविषयी बोलताना व्यक्ती चतुर्थीतच येते. 'मला शिवण माहीत आहे' या अर्थाच्या तमिळ वाक्यात 'एनक्कु' असेच रूप असते, आणि 'येणे' या अर्थाचे 'वरुम्' हे क्रियापदही कौशल्यासाठी योजले जाते. एम. बी. एमेनो यांनी १९५६ साली 'भाषिक क्षेत्र' या संकल्पनेतून भारताकडे पाहिल्यापासून अभ्यासकांनी भारतीय आर्य व द्राविड भाषांतील ज्या साम्यांची चर्चा केली, त्यांत ही चतुर्थीची रचना महत्त्वाची मानली जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोन 'येण्यां'मधील अंतर हा आहे. यंत्राच्या पहिल्या येण्याचा इतिहास परवाने, कंपन्या, हप्ते आणि विक्रीचे आकडे यांतून लिहिला गेला आहे. दुसऱ्या येण्याचा इतिहास शब्दांत, सूचनांच्या व्याकरणात आणि कारागिरांच्या तक्रारींत शोधावा लागतो. असा शोध तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो, कारण नव्या यंत्राची ओळख करून घेणे ही भाषांतराचीच एक प्रक्रिया आहे.

या शोधासाठी ओरगडम हे स्थान निवडण्यास कारण आहे. चेन्नईच्या परिसरात या नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक शहराच्या वायव्येस अंबत्तूरला लागून असून, १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारची आहे. दुसरी कांचीपुरम जिल्ह्यात श्रीपेरुंबुदूरजवळ असून २०१० नंतरच्या मोटारउद्योगामुळे तिचे नाव देशभर पोहोचले. एकीच्या भोवती लहान व मध्यम उद्योगांची जुनी वसाहत, दुसरीच्या भोवती बहुराष्ट्रीय कारखान्यांचे नवे जाळे. शिंप्याच्या ओट्यापासून कारखान्यातील रांगेपर्यंतचा प्रवास ज्या प्रदेशात घडला त्याच्या दोन अवस्था या एकाच नावात सामावल्या आहेत. हा प्रदेश मराठी भाषकांनाही परका नाही. तमिळ देशात मराठी बोलणारे शिंपी व रंगारी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

२. यंत्राचे येणे

शिवणयंत्राचा शोध एका माणसाने लावला असे म्हणता येत नाही. फ्रान्समधील शिंपी बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या यंत्राचा परवाना मिळवला. लष्करी गणवेश शिवण्यासाठी पॅरिसमध्ये त्याची सुमारे ८० यंत्रे चालू होती; १८३१ मध्ये उपजीविकेच्या भीतीने संतापलेल्या शिंप्यांनी ती मोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० च्या दशकात टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि धोटा यांचा मेळ घालून दुहेरी दोऱ्याचा टाका साधला, पण त्याचा परवाना घेतला नाही. तो १० सप्टेंबर १८४६ रोजी एलायस हाव याला मिळाला. आयझॅक मेरिट सिंगर याचा परवाना १२ ऑगस्ट १८५१ चा. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची चौपदरी गती ॲलन विल्सन याने १८५४ मध्ये सिद्ध केली. या सर्वांचे परस्परांवरील खटले इतके वाढले, की १८५६ मध्ये प्रमुख उत्पादकांनी आपले परवाने एकत्र केले. ही व्यवस्था १८७७ पर्यंत टिकली.

१८५६ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे लागते. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने त्या सुमारास हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत रूढ केली. घरात यंत्र आधी येई, त्याची मालकी नंतर येई. या मधल्या काळात यंत्राने स्वतःची किंमत कमावून द्यावी अशी अपेक्षा होती. म्हणून ग्राहकाला यंत्र लवकर 'येणे' हे कंपनीच्याही हिताचे होते. दारात जाणारा प्रतिनिधी विक्रेता, वसुली करणारा आणि शिक्षक अशा तिन्ही भूमिका वठवू लागला तो या व्यवहारामुळे.

हिंदुस्थानात सिंगरचा व्यापार १८७० च्या दशकात सुरू झाला. पुढे मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे हिंदुस्थानसह ब्रह्मदेश व सिलोन येथील व्यापाराची सूत्रे आली. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे कंपनीचा प्रचंड कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला होता आणि इकडे आलेली असंख्य यंत्रे तेथीलच होती. कंपनीला ग्राहक म्हणून गृहिणी अभिप्रेत होती. येथे मुख्य ग्राहक ठरला तो शिंपी. जमिनीवर बसून काम करणाऱ्या शिंप्याला हाताने चाक फिरवण्याचे लहान यंत्र सोयीचे पडले. खुर्चीत बसण्यासाठी कल्पिलेली वस्तू बैठकीच्या संस्कृतीत शिरताना तिचे रूप असे निवडले गेले. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्राचे उत्पादन आरंभिले आणि स्वातंत्र्यानंतर ते मध्यमवर्गीय घरांत सर्वत्र दिसू लागले.

नावांचा प्रवासही उद्बोधक आहे. गुजरातीत या यंत्राला 'संचो' म्हटले गेले. मराठीतील 'संचा' हा शब्द मात्र शेवयांच्या साधनापाशी अधिक रमला. ग्रांथिक मराठीने 'शिवणयंत्र' घडवले, बोलीने 'मशीन' ठेवले. 'मशीन' या शब्दाचे लिंग अजून पुरते स्थिरावलेले नाही. 'मशीन बिघडले' आणि 'मशीन बिघडली' ही दोन्ही रूपे कानी येतात. वस्तू घरात आली तरी ती घरातली कोण, हे भाषेला लगेच ठरवता येत नाही, असा याचा अर्थ घेता येईल.

३. गज, काती आणि सुई

मराठी परंपरेत शिवणकामाचे सर्वांत प्रतिष्ठित रूपक संत नामदेवांच्या नावाशी जोडलेले आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट मानली जातात. त्यांपैकी आसा रागातील एका पदात मन हा गज होतो, जीभ ही काती होते आणि मौल्यवान सुई-दोऱ्याने चित्त ईश्वराशी शिवले जाते. या रूपकाची रचना शिंप्याच्या कामाच्या क्रमाशी जुळते : मोजणे, बेतणे, शिवणे.

शिवणयंत्राचा इतिहास या तीन पदांच्या आधारे पाहिला, की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. यंत्राने फक्त तिसरे पद घेतले. गज आणि काती माणसाच्या हातातच राहिल्या. अंगावरचे माप कापडावर उतरवणे, उभा-आडवा धागा पाहणे, कमी कापडात झबले बसवणे, वाढत्या मुलासाठी आत माया सोडणे ही कामे यंत्राला येत नव्हती. परिणामी, टाके घालण्याचा वेळ झपाट्याने कमी झाला, पण बेतण्याचे मोल वाढले. ज्याच्या हाती कात्री तो उस्ताद आणि ज्याच्या पायाखाली यंत्र तो कारागीर, अशी श्रेणी दुकानात पक्की झाली. आजही 'बेतणे' हे क्रियापद मराठीत योजनेसाठी वापरले जाते. नाटकाचा बेत होतो, जेवणाचा बेत होतो. 'टीप मारणे' मात्र शिवणापलीकडे फारसे गेले नाही. भाषेने श्रमाच्या या विभागणीची नोंद आपल्या रीतीने ठेवली आहे.

तमिळ प्रदेशातील मराठी कारागिरांचा विचार येथे करावा लागतो. तंजावरचे भोसले घराणे १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांपासून सुरू झाले आणि १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाले. सरफोजीराजांच्या काळात, १९ व्या शतकाच्या आरंभी, तेथे देवनागरी मुद्रण झाले होते. म्हणजे मुद्रणयंत्र तंजावरी मराठीत राजाश्रयाने आले. शिवणयंत्राला तो योग नव्हता; ते देशात पसरू लागले तोवर दरबार संपला होता. दक्षिणेतील मराठी भाषकांना हे यंत्र भेटले ते बाजारपेठेत.

एडगर थर्स्टन यांच्या १९०९ च्या सात खंडांच्या ग्रंथात रंगारी समाजाची नोंद १८९१ च्या जनगणना-अहवालाच्या आधारे दिली आहे. रंगकाम व शिवणकाम करणारा, मूळचा मराठी आणि तेव्हाही मराठी बोलणारा, अंबाभवानीचा उपासक असे त्याचे वर्णन आहे. तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत 'महरट्टा (ब्राह्मणेतर)' या नोंदीत 'नामदेव महरट्टा' यांचा स्पष्ट अंतर्भाव आहे. एका संताचे नाव, एक व्यवसाय आणि एक भाषा यांची गाठ शासकीय कागदावर अशी बांधलेली दिसते. मराठीतील 'शिंपी', कन्नडमधील 'सिंपिग' आणि तमिळमधील जुना 'सिप्पियन्' हे शब्दही एकमेकांचे नाते सांगतात.

या समाजांना यंत्र आले तेव्हा ते दोन भाषांच्या मध्ये उभे होते. ग्राहकाशी तमिळ, घरात मराठी, आणि यंत्राच्या भागांची नावे इंग्रजी. मराठी मुलखातील शिंप्याला दोन भाषांचा मेळ घालावा लागला, तर येथे तो तिहेरी झाला. विस्थापित भाषा प्रथम व्यवसायातून मागे सरते आणि मग घरातून, असे भाषाविज्ञान सांगते. शिवणयंत्राने घरातच दुकान मांडण्याची सोय केल्यामुळे या समाजांत घर व व्यवसाय यांतील उंबरठा पुसट राहिला. भाषा टिकण्याच्या दृष्टीने ही गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही.

४. यंत्राचा स्वभाव

नव्या यंत्राची ओळख म्हणजे त्याच्या टाक्याची ओळख. हाताच्या टाक्यात एकच दोरा कापडाच्या आरपार जातो व परत येतो. यंत्राच्या टाक्यात दोरे दोन असतात आणि त्यांपैकी कोणताही संपूर्णपणे दुसऱ्या बाजूला जात नाही. टोकाशी नेढे असलेली सुई वरचा दोरा घेऊन खाली उतरते. वर येताना ती किंचित सैल पडते आणि दोऱ्याचा फासा तयार होतो. त्या फाशातून धोट्याचे किंवा आकड्याचे टोक जाते, बॉबिनचा दोरा त्यात अडकतो, आणि वरची दांडी तो फासा ओढून घेते. दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीच्या मधोमध बसली तर टीप चांगली. वरचा ताण जास्त असेल तर खालचा दोरा वर डोकावतो. कमी असेल तर खाली फासे लोंबतात.

म्हणजे यंत्राचे मर्म दोन ताणांच्या समतोलात आहे आणि तो समतोल कापडागणिक बदलतो. मलमलीला जो ताण चालतो तो खादीला चालत नाही. एकाच कारखान्याची, एकाच वर्षाची दोन यंत्रेही अगदी सारखी चालत नाहीत. धोट्याची झीज, पट्ट्याची ओढ, चाकाचे वजन यांनी प्रत्येकाला वेगळेपण येते. म्हणून कारागीर 'या मशीनला हा दोरा मानवत नाही' असे म्हणतो. 'मानवणे' हे क्रियापद मराठीत एरवी हवा, पाणी आणि अन्न यांच्यासाठी असते, देहधारी प्राण्यासाठी असते.

यंत्राविषयीच्या मराठी शब्दसंपत्तीची येथे स्पष्ट विभागणी दिसते. भागांची नावे बहुतांशी इंग्रजीतून आली : बॉबिन, शटल, टेन्शन, पेडल. कामाची नावे हातशिलाईतून आली : टीप, टाका, धावदोरा, काज, तुरपाई, गोट, अस्तर, उसवण. आणि यंत्राच्या खोड्यांसाठी भाषेने रोजची सजीव क्रियापदे लावली. मशीन टीप सोडते, दोरा खाते, कापड गोळा करते, जड चालते, आवाज करते. नाम परके, क्रियापद आपले. परकी वस्तू आपली होते ती नामाच्या भाषांतराने होत नाही, क्रियापदाच्या विनियोगाने होते, असा निष्कर्ष यावरून काढावासा वाटतो. 'शिवणयंत्र' हा शुद्ध शब्द घडवणाऱ्याने यंत्राला मराठी नाव दिले. 'मशीन दोरा खाते' म्हणणाऱ्याने त्याला मराठी केले.

तमिळच्या शेजाराने या शब्दसृष्टीला आणखी खोली येते. तमिळमध्ये 'नूल्' म्हणजे दोरा, आणि 'नूल्' म्हणजेच ग्रंथ. नन्नूल या मध्ययुगीन व्याकरणग्रंथात ग्रंथरचनेचे वर्णन सूत कातण्याच्या रूपकाने केले आहे. संस्कृत व मराठीतील 'सूत्र' आणि 'ग्रंथ' या शब्दांमागेही दोरा व गाठ आहेत. तसेच 'तैयल्' हा तमिळ शब्द शिवण या अर्थी आहे आणि स्त्री या अर्थीही. वैदीश्वरन कोविल येथील देवीचे नाव तैयल्‌नायकी असे आहे. शिवण, ग्रंथ आणि स्त्री ही तीन क्षेत्रे तमिळ कल्पनाविश्वात शब्दांच्या पातळीवरच शेजारी आहेत. मराठीत त्यांना शेजारी आणले ते १९ व्या-२० व्या शतकातील सामाजिक सुधारणेने. त्याचा विचार पुढे करू.

५. सूचनांचे व्याकरण

यंत्रासोबत माहितीपुस्तिका येते. वाङ्मयाच्या इतिहासात तिला स्थान नसते. परंतु आधुनिक काळात ज्या गद्यप्रकाराचा प्रसार सर्वाधिक झाला त्यांत ती मोडते. मराठी सूचनाग्रंथाचे वैशिष्ट्य म्हणजे विध्यर्थ. 'दोरा ओवावा', 'तेल घालावे', 'सुईची लांब खाच ज्या बाजूस असेल त्या बाजूने दोरा घ्यावा', 'चाक आपल्याकडे फिरवावे'. या वाक्यांत करणारा अनुपस्थित असतो. कोण ओवणार, पुरुष की स्त्री, मालक की नोकर, याविषयी व्याकरण मौन पाळते.

या रीतीला मराठीत दीर्घ परंपरा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर कसे असावे, लेखणी, कागद, शाई यांची निगा कशी राखावी, याचे तेथील निरूपण म्हणजे एका साधनाची ओळख करून देणारा मजकूरच होय. साधनाची शिस्त आणि साधकाची शिस्त समर्थांनी एकाच विध्यर्थात गोवली आहे. पाककृतींची पुस्तके, वैद्यकाचे ग्रंथ आणि यंत्रांच्या पुस्तिका या सर्वांनी नकळत ही वाक्यरचना पुढे चालवली.

यंत्र आणि वाङ्मय यांचा मराठीतील आणखी थेट संबंध 'किर्लोस्कर खबर' या नियतकालिकात दिसतो. १९२० मध्ये कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती देण्याच्या हेतूने शंकरराव किर्लोस्करांनी ते सुरू केले. नांगर आणि अवजारे यांची ओळख करून देता देता त्याचे रूपांतर महाराष्ट्राच्या विचारविश्वाला वळण देणाऱ्या मासिकात झाले आणि १९३० मध्ये त्याच प्रेरणेतून 'स्त्री' मासिक निघाले. यंत्राचा परिचय करून देणारे गद्य आणि नव्या जीवनदृष्टीचा परिचय करून देणारे गद्य यांच्यातील सीमा मराठीत इतकी पातळ होती.

तथापि विध्यर्थाने यंत्र येत नाही. शिवणाच्या वर्गात तो गळून पडतो आणि आज्ञार्थ येतो : 'आधी कागदावर चालव', 'कापड ओढू नकोस, दाते नेतील तसे जाऊ दे', 'पाय थांबव'. दोरा न ओवता कागदावर सरळ रेषेत छिद्रे पाडण्याचा सराव हा शिक्षणाचा पहिला पाठ असतो. पायाने चालणाऱ्या यंत्रात पायाची लय जराशी चुकली तरी चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो. नवशिक्या हाताची दुसरी खोड म्हणजे कापड मागून ओढणे. त्याने सुई वाकते आणि छिद्राच्या पत्र्यावर आपटून मोडते. ही दोन्ही ज्ञाने पुस्तिकेत लिहिता येतात, पण ती वाचून पायाला कळत नाहीत. पुस्तिकेतील कर्ता अनुपस्थित असतो. वर्गातील कर्ता समोर बसलेला असतो, त्याचे नाव घेऊन त्याला सांगता येते.

६. स्त्री, यंत्र आणि स्वाश्रय

शिवणकामाच्या दैन्याचे पाश्चात्त्य साहित्यातील प्रसिद्ध चित्र म्हणजे टॉमस हूड यांची 'द साँग ऑफ द शर्ट' ही कविता. ती १८४३ मध्ये 'पंच' मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे हावच्या परवान्याच्या तीन वर्षे आधी. हूड यांच्या शिवणकरणीच्या हातात साधी सुई आहे. तेथील वाचकाच्या मनात शिवण म्हणजे झिजणे हे समीकरण यंत्रापूर्वीच दृढ झाले होते आणि पुढे यंत्र आल्यावर घामाच्या कारखान्यांनी ते आणखी गडद केले.

मराठीत क्रम निराळा झाला. येथे शिवण व्यवसाय म्हणून जातीशी आणि बहुधा पुरुषांशी निगडित होती. उच्चवर्णीय विधवेच्या हाती ती आली ती सुधारकांच्या संस्थांमधून. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हस्तव्यवसायांच्या शिक्षणाला मोठे स्थान मिळाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले. मद्रासमध्ये १९२८ साली मद्रास सेवासदन उभे राहिले, तेव्हा पुण्याचे नाव आणि त्यामागील स्वाश्रयाची कल्पना दोन्ही दक्षिणेत पोहोचल्या होत्या. या संस्थांमुळे 'मशीन चालवून मुले वाढवणारी आई' ही प्रतिमा मराठी कथा-चित्रपटांत व कौटुंबिक आठवणींत रुजली. हूड यांच्या कवितेत सुई ही बेडी आहे. मराठी मध्यमवर्गीय कल्पनेत यंत्र हा आधार आहे. मात्र ज्या जातींचा तो पिढीजात व्यवसाय होता त्यांच्या दृष्टीने हे चित्र इतके एकरंगी नाही. त्यांच्या घरातील स्त्रिया काजे करीत, तुरपाई करीत, आणि त्या श्रमाला स्वाश्रयाचे नाव कोणी दिले नाही.

यंत्राच्या या प्रतिमेला नैतिक मान्यता मिळाली ती महात्मा गांधींकडून. जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या त्यांच्या संवादात, जो 'यंग इंडिया'च्या १३ नोव्हेंबर १९२४ च्या अंकात आला, त्यांनी यंत्रविरोधाला अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचा उल्लेख केला. पत्नीचे कंटाळवाणे श्रम पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी यंत्र शोधले, असे कारण त्यांनी दिले. ती यंत्रे बनवणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत अशी पुस्तीही जोडली. पत्नीला रात्री शिवताना पाहणाऱ्या संशोधकाची कथा पारंपरिकरीत्या सांगितली जाते ती एलायस हावबद्दल. एका संशोधकाची आख्यायिका दुसऱ्याच्या, अधिक खपणाऱ्या नावावर चढली. लोककथांच्या अभ्यासकांना हा स्थलांतराचा प्रकार परिचित आहे. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. पण गांधींच्या युक्तिवादात तिचे कार्य मोठे आहे. यंत्राच्या मुळाशी लोभ आहे की करुणा, या प्रश्नाचे उत्तर तिने दिले. या संवादातील प्रश्नकर्ते दक्षिणेचे होते आणि पुढे तमिळनाडूत गांधीग्राम उभारण्यात त्यांचा वाटा होता, हेही नोंदवण्याजोगे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात शिवणयंत्र कल्याणकारी शासनाचे दान झाले. तमिळनाडू शासनाची मोफत शिवणयंत्र योजना सत्यवाणी मुत्तु यांच्या स्मृतीशी जोडलेली आहे; विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि दुर्बल आर्थिक स्थितीतील स्त्रिया तिच्या लाभार्थी आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत शिंप्याचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण अशी तरतूद आहे. इच्छुकांसाठी पुढे पंधरा किंवा अधिक दिवसांचे प्रगत प्रशिक्षणही आहे.

या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांची गणना पहिल्या 'येण्या'ची असते. किती यंत्रे वाटली हे सांगता येते. किती जणींना यंत्र आले हे त्या संख्येतून कळत नाही. तिमोनिएच्या शिंप्यांना यंत्राचे भय होते ते उपजीविका जाईल म्हणून. येथे धोका उलट दिशेने आहे. उपजीविका मिळेल म्हणून यंत्र दिले जाते, आणि ताण न साधल्यामुळे, सुई मोडल्यामुळे, दुरुस्तीला कोणी न मिळाल्यामुळे ते कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडण्याची शक्यता उरते.

७. ओरगडम : यंत्राला येणे

अखेरीस पुन्हा ओरगडमकडे वळू. कांचीपुरम जिल्ह्यातील ओरगडम येथे रेनो-निस्सानचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. पुढील काही वर्षांत इतर मोठे वाहन-उत्पादक त्या पट्ट्यात आले. पुण्याजवळचे चाकण आणि हे ओरगडम ही आज एकाच उद्योगाची दोन केंद्रे आहेत. मोटार ही धातूची वस्तू समजली जाते. पण तिच्या आसनांची आवरणे, सुरक्षापट्टे आणि अपघातात फुगणारी हवेची पिशवी या सर्वांत शिवण असते. जेथे टाका सुटला तर जीव जाऊ शकतो अशी शिवण इतिहासात प्रथमच इतक्या प्रमाणावर होते आहे. टाक्याची लांबी, दोऱ्याचा ताण, टिपेची जागा या गोष्टी, ज्या शिंपी बोटांनी ओळखत असे, त्या आता मोजून नोंदवल्या जातात.

औद्योगिक शिवणयंत्रे दोरा आपोआप कापतात, आरंभीची व अखेरची टीप स्वतः पक्की करतात. कारागिराच्या वाट्याला एक कड, एक शिवण, एक क्रिया येते. नामदेवांच्या रूपकातील गज संगणकाकडे गेला, काती कापणीच्या विभागाकडे गेली, आणि सुईही आपला ताण आपण राखू लागली. यंत्र माणसाला येण्याऐवजी काम यंत्राला येऊ लागले, असे मराठीत म्हणता येईल; आणि ते वाक्य कानाला खटकत नाही, हेच परिवर्तन किती खोल आहे याचे गमक होय.

तरीही अशा कारखान्यातही नवे यंत्र आले की ते 'बसवावे' लागते. नेमक्या कापडावर, नेमक्या दोऱ्याने, नेमक्या हवामानात ते कसे वागते हे चालवणाऱ्याला पाहावे लागते. चेन्नईच्या दमट हवेत दोरा आणि चामडे कोरड्या प्रदेशासारखे वागतीलच असे नाही. ही देखरेख करणारी व्यक्ती यंत्राविषयी तक्रार करते तेव्हा ती तमिळमध्ये किंवा मराठीत, ओडियात किंवा हिंदीत एखादे सजीव क्रियापदच वापरते. परिचयाचे काम संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात. शिवणयंत्राच्या प्रसाराचा इतिहास आणि त्याच्या परिचयाचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास आहेत. दुसऱ्याची साधने भाषेत आहेत. मराठी व तमिळ या भाषांनी कौशल्याला माणसाकडे 'येणारी' गोष्ट मानले, आणि त्यामुळे यंत्र व माणूस यांच्यातील संबंध मालकीपेक्षा ओळखीच्या भाषेत मांडणे त्यांना सहज साधले. सूचनाग्रंथाचा विध्यर्थ आणि शिक्षकाचा आज्ञार्थ यांच्यातील अंतर हेच ज्ञान व कौशल्य यांच्यातील अंतर होय. दक्षिणेतील नामदेव आणि रंगारी समाजांसारख्या द्वैभाषिक कारागिरांची व्यवसायभाषा हे या इतिहासाचे अत्यंत मोलाचे साधन आहे. तयार कपड्यांच्या बाजारापुढे त्यांची दुकाने मिटत असताना त्या भाषेचे संकलन हे मराठीच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य ठरते. शब्दकोशात बॉबिनला प्रतिशब्द सापडला नाही तरी चालेल. मशीन दोरा का खाते आणि तिला कोणता दोरा मानवतो हे ज्या वाक्यांत सांगितले जाते, ती वाक्ये नोंदली गेली पाहिजेत.